शब्दाचं शेपूट बघा, मग सही करा

बचत गटात आल्यापासून आपण अंगठा सोडून सही करू लागलो. पण बँकेच्या कागदावर ज्या शब्दापुढे सही करतो, तो पुष्कळदा इंग्रजी असतो. त्यातले काही शब्द एकाच मुळाचे, सख्ख्या बहिणींसारखे दिसणारे. फरक असतो तो शेपटाला. आज अशा तीन जोड्या बघू.

पहिली जोडी पेयर आणि पेयी. 'पे' म्हणजे पैसे देणे. पेयर म्हणजे देणारी, पेयी म्हणजे जिला मिळायचे ती. चेकवर दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलं, की पैसे त्या नावाच्या खात्यातच जमा होतात, काउंटरवर रोख मिळत नाहीत. म्हणून गटाचा चेक कुणाला देताना हे दोन शब्द लिहायला विसरू नका.

दुसरी जोडी विम्याची. इन्शुअरर म्हणजे विमा देणारी कंपनी. इन्शुअर्ड म्हणजे जिचा विमा उतरवला ती. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या खात्यातून जीवनज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये कापले जातात. तिथे इन्शुअर्ड आपण. आपल्या माघारी दोन लाख रुपये ज्याच्या हाती पडायचे, तो नॉमिनी, म्हणजे नेमलेला माणूस. नॉमिनी अठरा वर्षांखालचा असेल, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नावही फॉर्मवर द्यावं लागतं. घरधन्याच्या विम्यावर नॉमिनी कोण आहे, तेही आजच बघून ठेवा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून दुसऱ्याचंच नाव असू शकतं. ते बदलून घेता येतं.

आता तिसरी जोडी, सगळ्यात जपून राहायची. गॅरंटी म्हणजे हमी आणि गॅरंटर म्हणजे ती हमी घेणारी, आपल्या भाषेत जामीनदार. नात्यातलं कुणी म्हणतं, "वहिनी, नुसती साक्षीची सही पाहिजे." साक्षीदाराला इंग्रजीत विटनेस म्हणतात. समोर सही झाली, एवढंच ती सांगते. पण कागदावर गॅरंटर छापलं असेल तर गोष्ट वेगळी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले तर बँक आपल्या दारात येऊ शकते. आणि 'को-बॉरोअर' असेल तर आपण स्वतःच कर्जदार झालो, पैसे हातात आले नसले तरी.

तेव्हा बायांनो, सही करण्याआधी त्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, "साहेब, हा शब्द काय? यात मी कोण?" उत्तर पटलं नाही तर कागद घरी आणा, गटात दाखवा, मुलीकडून वाचून घ्या. विचारायला लाजू नका. सही आपली, तर प्रश्नही आपलाच.

येत्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक आणि विम्याचा कागद घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.