‘डी कमी आहे’ या वाक्यामागे



मानसोपचाराच्या ओपीडीत हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. पेशंट खाली मान घालून गप्प बसलेला असतो आणि बोलतो तो सोबत आलेला भाऊ किंवा नवरा. त्याच्या हातात लॅबचा कागद असतो. ‘‘डॉक्टर, बाकी काही नाही, फक्त डी कमी आहे.’’ त्या ‘बाकी काही नाही’मध्ये सगळ्या घराचा जीव गुंतलेला असतो. डिप्रेशन हा शब्द घरात उच्चारला जात नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र शेजारणीलाही सांगता येते.

कागदावरचा आकडा खोटा नसतो. ॲम्स्टरडॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात ६५ ते ९५ वयाच्या १,२८२ जणांचे रक्त तपासले गेले. २००८ मध्ये निष्कर्ष आला, की नैराश्य असलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची पातळी इतरांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे. पुढे २०१३ मध्ये एकतीस हजारांहून अधिक माणसांवरचे अभ्यास एकत्र मांडले गेले, तेव्हाही कल तोच निघाला.

पण आधी काय घडले?

नैराश्यातला माणूस पडदे ओढून पडून राहतो. सकाळचे फिरणे सुटते, ताट अर्धे तसेच राहते. हे जीवनसत्त्व तर कातडीवर थेट ऊन पडले तरच तयार होते. त्यासाठी लागणारे अतिनील किरण खिडकीची काच बहुतांशी अडवते. म्हणजे तो आकडा आजाराचे कारण असण्याऐवजी आजाराने मागे ठेवलेली खूणही असू शकतो. उलट बाजूही आहेच. कमतरतेने स्नायू दुबळे होतात, अंग दुखते, थकवा येतो, आणि तो थकवा उदासीसारखाच भासतो.

ड दिल्याने नैराश्य टळते का, याची कसोटी अमेरिकेत लागली. नैराश्य नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी, अशी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली. २०२० मध्ये हिशेब जाहीर झाला: औषध घेणाऱ्यांत नैराश्याचे ६०९ रुग्ण, न घेणाऱ्यांत ६२५. फरक नाहीच म्हणायचा. त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळात कमी नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. मात्र नेदरलँड्समध्ये पातळीही कमी आणि नैराश्याची लक्षणेही असलेल्या १५५ वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज १,२०० युनिट दिले, तरी लक्षणे हलली नाहीत. इराणमधल्या एका छोट्या प्रयोगात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाच्या जोडीने ड दिल्यावर सुधारणा अधिक दिसली. तिथे ते औषधाच्या जोडीला होते, औषधाच्या जागी नव्हते; हा भेद घराघरांत पोहोचवणे आपल्या डॉक्टरी व्यवसायाचे काम आहे.

कारण आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दुधात घालून घेतली जाते, आणि ठरलेले आठवडे संपले तरी अनेक जण ती आपल्या मनाने चालूच ठेवतात. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला होता. २०१० मध्ये कळले, की त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढलेच. अतिरेकी डोसाने रक्तातले कॅल्शियम चढते. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गळून जाणे. आणि उदासीसुद्धा! जी घालवायची, तीच पुडीतून परत येते.

म्हणून तो कागद बाजूला सारू नये. कमतरता असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी डोस व मुदत ठरवून उपचार द्यावा. मग नातेवाइकाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगावे आणि पेशंटला झोपेविषयी, भुकेविषयी, जगणे नकोसे होते का याविषयी सरळ विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. चिठ्ठीवर पुडीच्या नावाखाली टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक लिहून तो कागद भावाच्या नव्हे, पेशंटच्या हातात द्यावा.