हिशेबाची विद्या



या व्यासपीठावर संतवाङ्मय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी रोजकीर्द आणि खतावणी यांवर बोलणार आहे; उकाडाही आहे, तेव्हा कोणाचा डोळा लागला तर मी राग धरणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतल्या कामगारांनी एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या. दरसाल वार्षिक सभेत अहवाल मिळे, लाभांश जाहीर होई, आम्ही टाळ्या वाजवून, चहा घेऊन घरी येत असू. एके सकाळी दाराला कुलूप! मग मी जुने अहवाल काढून एका निवृत्त हिशेबनिसाकडे जाऊन बसलो. सारे छापलेलेच होते. नफ्याचा मोठा भाग ‘येणे व्याज’ होता. म्हणजे कर्जदारांनी जे व्याज दिलेच नव्हते, तेही नफ्यात धरले होते. घोषणा देणारे आमच्यात पुष्कळ होते. ताळेबंद वाचणारा एकही नव्हता, मीही नव्हतो. एका हमालाचे मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात बुडाले. त्याने मला दोष दिला नाही, याचेच अधिक वाईट वाटते.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला आपण बंधारे पाहायला जातो. मला तिथली धान्य बँक महत्त्वाची वाटते. ज्याच्याकडे अधिक त्याने धान्य ठेवायचे, अडलेल्याने न्यायचे आणि पीक आल्यावर थोडे वाढवून परत करायचे. हा व्यवहार नुसत्या भलेपणावर चालत नाही; कोणी किती नेले याची नोंद लागते. त्याच गावातून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी लढा दिला. राज्याचा कायदा 2002 साली झाला, देशाचा 2005 साली. कागद मागण्याचा हक्क मिळाला. पण हातात आलेला कागद वाचणार कोण?

इतरत्र नापास झालेल्या मुलांना घेणारी शाळाही राळेगणला आहे. अशा मुलांचे बाप मला विचारतात, ‘साहेब, पोराचे गणित कच्चे, हिशेब जमेल का?’ जमेल. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि बसण्याची चिकाटी लागते. भूमिती लागत नाही. घर सोडता येत नसेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 साली ते निघाले ते अशांसाठीच. नोकरी करता करता वाणिज्याची पदवी घेता येते. पुढे सहकार खात्याची परीक्षा देऊन सहकार व लेखा पदविका घ्यावी. लोक तिला जी.डी.सी. अँड ए. म्हणतात. पदवी, ही पदविका आणि अनुभव असला की सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. कायद्यात त्यासाठी मराठीच्या ज्ञानाचीही अट आहे. एवढ्या एका ठिकाणी तरी आपल्या पोरांचे पारडे जड! सनदी लेखापालाची वाट लांब: तीन पायऱ्यांच्या परीक्षा आणि दोन वर्षांची उमेदवारी. तोवर दुकानाची वस्तू व सेवा कराची विवरणे, पतसंस्था, साखर कारखान्याचा हिशेब विभाग, विकास सोसायटीचे गटसचिवपद, ही कामे आपल्या जिल्ह्यातच आहेत. पहिला पगार तुटपुंजा असतो, हे मी लपवत नाही.

संगणक आल्यावर या माणसांची गरज काय, असे कोणी म्हणेल. बेरीज यंत्राने करावी. पण न मिळालेले व्याज नफ्यात का धरले, हे सभेत उठून माणसालाच विचारावे लागते. लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकारही सभासदांच्या सभेचाच आहे, आणि आम्ही तो ठराव दरवर्षी चहाच्या घाईत मंजूर करत होतो.

या व्याख्यानमालेचा गेल्या वर्षीचा जमाखर्च कार्यवाहांनी दाराशी फळ्यावर लावला आहे. मी येतानाच वाचला. मंडपाच्या भाड्याबद्दल एक शंका आहे, ती त्यांना खाली उतरल्यावर विचारतो.