नुक्ता वाचला पाहिजे



मिररलेस कॅमेऱ्यातून उत्तमात उत्तम प्रतिमा कशी मिळवायची, हा विषय मला दिला आहे. लग्नाचे आणि सहलीचे फोटो तुम्ही माझ्यापेक्षा चांगले काढता. म्हणून मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे : घरातले जुने कागद आणि फोटो टिपणं.

दादीच्या ट्रंकेतला निकाहनामा, आखातातून आलेली पत्रं, मोडीतला जमिनीचा दस्त, स्टुडिओत काढलेले कृष्णधवल फोटो. ओल, वाळवी आणि घर बदलताना होणारी आवराआवर यांच्यापुढे हे फार काळ टिकत नाही. हे काम आपल्यालाच करायचं आहे आणि लवकर करायचं आहे, कारण जुनं उर्दू हस्ताक्षर वाचणारे आणि फोटोतले चेहरे ओळखणारे वडीलधारे अजून आपल्यात आहेत.

चांगली प्रतिमा कोणती? माझी कसोटी साधी आहे. उर्दूत बे, पे, ते, से ही अक्षरं एकाच आकाराची. फरक फक्त नुक्त्यांचा. बेखाली एक, पेखाली तीन, तेवर दोन, सेवर तीन. नुक्ता गेला की अक्षर बदलतं आणि अक्षर बदललं की माणसाचं किंवा गावाचं नाव बदलतं. म्हणून नुक्ता वाचला पाहिजे. दोन्ही अर्थांनी.

आता हिशेब करू. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेलची प्रतिमा देतो. ए-फोर आकाराचा कागद चौकटभर घेतला, तर एका मिलिमीटरला सुमारे १९ पिक्सेल मिळतात. अर्ध्या मिलिमीटरचा नुक्ता साधारण ९ पिक्सेल रुंद येतो. तेवढ्यात तो नीट दिसतो. तीच प्रतिमा मोबाइलवरून पाठवताना तिची लांबी १६०० पिक्सेलवर आली, तर त्याच नुक्त्याला जेमतेम अडीच पिक्सेल उरतात. मग वर दोन आहेत की तीन, हे सांगता येत नाही.

सेन्सर फुल फ्रेम असो वा एपीएस-सी, हा हिशेब बदलत नाही. त्यामुळे या कामासाठी नवा, महागडा कॅमेरा घेऊ नका. मित्राकडचा पाच-सात वर्षं जुना मिररलेस चालेल. पैसे खर्च करायचेच असतील तर लेन्सवर करा. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स जवळच्या अंतरावर कोपऱ्यांत बऱ्याचदा मऊ पडते. मॅक्रो लेन्स जवळच्या, सपाट वस्तूंसाठीच बनवलेली असते. मोठ्या शहरांत ती दिवसाच्या भाड्याने मिळते.

लेन्सचं छिद्र किती ठेवायचं? फुल फ्रेमवर एफ ८, एपीएस-सीवर एफ ५.६ च्या आसपास. ‘जास्त बंद, तेवढं जास्त स्पष्ट’ हा समज सोडा. एफ १६ वर प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ०.०२१ मिलिमीटरचा ठिपका होऊन पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल असतो ०.००६ मिलिमीटरचा. म्हणजे एकाच बिंदूचा प्रकाश तीन-चार पिक्सेलांवर सांडतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुठल्याही कंपनीच्या लेन्सला तो चुकत नाही.

कॅमेरा स्टँडवर, तोंड सरळ खाली. कागद आणि सेन्सर समांतर आहेत का, हे बघायला कागदाच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मधोमध दिसलं, की कॅमेरा सरळ आहे. मिररलेस कॅमेऱ्याला शेवटी आरसाच लागतो! मग पडद्यावर मजकूर मोठा करून हाताने फोकस करा. इथे मिररलेसचा खरा फायदा आहे : सेन्सरला जे दिसतं तेच तुम्हाला दिसतं. स्टँडवर असताना स्थिरीकरण बंद ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

प्रकाशासाठी एकाच प्रकारचे दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. खोलीतले बाकीचे दिवे बंद, पडदे ओढलेले. त्याने चकाकणाऱ्या फोटोवर चमक येत नाही आणि रंगही मिसळत नाहीत. उठावाचा शिक्का टिपायचा असेल तर एकच दिवा अगदी खालच्या कोनातून टाकून वेगळी प्रतिमा घ्या. सपाट उजेडात न दिसणारी अक्षरं सावलीमुळे वर येतात.

आयएसओ १००, किंवा तुमच्या कॅमेऱ्याचा मूळ आकडा असेल तो. प्रतिमेतले दाणे मुख्यतः कमी प्रकाशामुळे येतात. चौपट प्रकाश दिला की प्रतिमा सुमारे दुप्पट स्वच्छ होते. कागद हलत नाही, तेव्हा शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही. उलट फायदाच होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतो. इलेक्ट्रॉनिक शटर वेगात असलं की त्याचे आडवे पट्टे उमटतात. संथ शटरमध्ये ते निघून जातात.

प्रतिमा रॉ स्वरूपात घ्या. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. फिकट पडलेली शाई आणि पिवळा कागद यांतला फरक या मधल्या पायऱ्यांतच असतो. हिस्टोग्राम बघून कागदाचा पांढरा भाग उडू देऊ नका. पहिल्या प्रतिमेत राखाडी कार्ड ठेवा, रंग त्यावरून जुळवता येतात. डाग पडलेला कागद वाचताना फक्त लाल चॅनेल बघा. पिवळे-तपकिरी डाग पुसट होतात, काळी किंवा निळी शाई उठून दिसते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एका टिचकीत जुना फोटो ‘नवा’ करणारी एआय साधनं हल्ली सर्रास मिळतात. मी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून स्पष्ट सांगते : जी माहिती फाइलमध्ये नाही, ती हे साधन शोधून काढत नाही, अंदाजाने भरतं. दादीच्या चेहऱ्यावर ते दुसऱ्याच कुणाचे तरी डोळे बसवेल आणि ते सुंदर दिसतील. पुसट नुक्त्याच्या जागी स्वच्छ, पण चुकीचा नुक्ता देईल. भिंतीवर लावायला अशी प्रत करायची तर करा. मूळ फाइलला मात्र हात लावू नका, आणि बदललेल्या प्रतीच्या नावात तसं लिहा.

तीन प्रती ठेवा : दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात वर्ष, गाव, व्यक्ती लिहा. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आणि हे कागद घरातल्या माणसांचे आहेत. कुणाचं पत्र ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना विचारा.

येत्या रविवारी एकच गठ्ठा घ्या. दहा कागद पुरेत. नानी, चाचा, खाला, ज्यांना वाचता येतं त्यांना शेजारी बसवा. प्रतिमा मोठी करून दाखवा आणि ते काय वाचतात, कुणाचं नाव सांगतात, ते तिथल्या तिथे लिहून घ्या. एखाद्या अक्षरावर ते अडले तर लाइट आणि फोकस बघून तो कागद पुन्हा टिपा. त्यांना वाचता आलं, की तुमची प्रतिमा चांगली आली.