चारशे की चारशे पाच?



काशीदचा समुद्र पाहायला आलेला पाहुणा संध्याकाळी गावात रेंगाळला आणि कुठे भजन रंगलेलं असलं, तर त्याने पेटीचा धैवतही जरा कान देऊन ऐकावा. बुवा त्या सुरावर बराच वेळ थांबले, की गळ्याचं आणि पेटीचं किंचित फाटतं. दोष कुणाचा? हिशेबच करू.

षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरा. पंचम त्याच्या दीडपट, 360. ऋषभ 270. या ऋषभाचा पंचम म्हणून धैवत लावला, तर तो 405 वर येतो. पण तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आहे 300; त्याच्याशी षड्ज-मध्यम भाव जुळवला, तर धैवत 400! दोन्ही खरे, दोन्ही गोड. मधलं गुणोत्तर 81/80. अनेक अभ्यासक यालाच प्रमाणश्रुती म्हणतात. भरतमुनींनी ती दोन वीणांवर दाखवली: दोन्ही सारख्या जुळवायच्या, मग एकीचा पंचम श्रुतीभर उतरवायचा. आकडा कुठे नाही, सगळी भिस्त कानावर. आपले दोन धैवत एकदम वाजवले, तर सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात.

पेटीचा धैवत सुमारे 403.6. ना इकडचा, ना तिकडचा. पण बिचारीचा नाइलाज आहे. एक बुवा काळी एकमध्ये गातात, दुसरे पांढरी चारमध्ये. सगळ्यांना चालावी म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना हे पटेना. हे डेप्युटी कलेक्टर होते, बरं का! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेऊन त्यांनी श्रुती मोजल्या, 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे श्रुतींची पेटीही झाली. पण ती रुळली नाही.

आणि ज्या रेडिओवरून मी बोलतोय, त्याने तर 1940 मध्ये पेटीला दारच लावून घेतलं. ते पुन्हा किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. तक्रार खरी, शिक्षा मात्र भलतीच.

तुमचं मंडळ कायम एकाच पट्टीत गात असेल, तर पेटी दुरुस्त करणाऱ्याशी बोला. पितळी सूर टोकाशी खरवडला की चढतो, बुडाशी खरवडला की उतरतो. धैवत 400 वर आणून घ्या. फक्त ऋषभावर ठाण मांडणारी चाल निघाली, की ती 405 मागणार, एवढं बुवांना आधी सांगून ठेवा.