फाईल उघडायला उशीर का होतो?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कीर्तनाची परंपरा असलेल्या या तंजावरात गणपतीपुढे उभे राहून संगणकाच्या तक्रारींवर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण ज्या दैवताचा हा उत्सव आहे, ते दैवत स्वतः लेखनिक आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे असे ठरले, तेव्हा त्याने एकच अट घातली, की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. आपल्या कचेऱ्यांत आज नेमके उलटे चालले आहे. पत्रावर दोनदा क्लिक करायचे, आणि पडद्यावर गोल फिरणारे चक्र पाहत बसायचे. समोर गिऱ्हाईक उभे, मागे साहेब उभे, आणि मधे बिचारा कारकून!

आपल्या समाजातली बरीच मंडळी शाळा, बँका, भातगिरण्या, देवस्थाने, हिशोबनीसांच्या कचेऱ्या अशा ठिकाणी नोकरीला आहेत. पाच-दहा संगणक, एक सर्व्हर, सगळ्या फाईली त्या सर्व्हरवर, अशी व्यवस्था आता सगळीकडे असते. ती संथ झाली म्हणजे काय करावे, हे आज साध्या भाषेत सांगतो.

उशीर झाला तर दोन मिनिटांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. फाईल लवकर उघडत नाही म्हटल्यावर माणूस ती आपल्या संगणकावर उतरवून घेतो आणि तिथेच दुरुस्त्या करतो. शेजारचाही तेच करतो. महिन्याभरात एकाच यादीच्या चार प्रती होतात, चारही थोड्या थोड्या वेगळ्या, आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. वर्गणीची यादी असो, पगारपत्रक असो की जमिनीचा हिशोब, कागदपत्राची सगळी किंमत ते एकच आणि खरे असण्यात असते. ती किंमत या दोन मिनिटांपायी जाते.

आता मूळ मुद्दा. फाईल उघडायला उशीर झाला की पहिला सल्ला मिळतो तो 'नवीन संगणक घ्या' हा. पैसे खर्च करण्याआधी एक छोटा हिशोब करू. कचेरीतले जुन्या पद्धतीचे नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेते, म्हणजे सुमारे साडेबारा मेगाबाइट. एक मेगाबाइटचे पत्र त्यावरून यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. आणि आपले पत्र उघडायला तीस सेकंद लागतात! मग उरलेला वेळ गेला कुठे? तो वाहून आणण्यात गेलेला नसतो. तो बहुतेक वेळा शोधण्यात आणि वाट पाहण्यात गेलेला असतो. संगणक कोणालातरी हाक मारून उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो.

हे समजायला तंजावरकरांना लांब जायला नको. आपल्या राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय डोळ्यांपुढे आणा. सरफोजी राजांनी आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, ते केवढे वाढवले हे आपण जाणतो. पण हजारो पोथ्यांच्या ढिगातून हवी ती पोथी काढायची तर नुसते चपळ पाय उपयोगाचे नाहीत, ती कुठे आहे हे सांगणारी यादी लागते. इथे न्यायाधीश असलेल्या बर्नेलसाहेबांनी राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची विषयवार सूची केली, ती १८८० च्या सुमारास लंडनमध्ये छापली गेली. पुढे १९१८ साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. यादीत पोथीची जागा चुकीची लिहिलेली असेल, तर कितीही तरुण शिपाई पाठवा, तो फिरतच राहील. आपल्या कचेरीतला संगणक हा तसा फिरणारा शिपाई आहे.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. कचेरीचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. दहा-बारा संगणक होते. तक्रार अशी, की वर्डमधली पत्रे उघडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. टंकलेखन करणाऱ्या बाईंना रोज बोलणी बसत होती. दोन नवीन संगणक आले, फरक शून्य. नीट पाहिल्यावर लक्षात आले, की एक्सेलचे तक्ते झटकन उघडतात, नवीन पत्रेही झटकन उघडतात, फक्त जुनी पत्रे अडतात. ती सगळी पत्रे एका नमुना-पत्रावरून, म्हणजे टेम्प्लेटवरून, तयार केली होती, आणि ते टेम्प्लेट जुन्या सर्व्हरवर होते. तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेला होता. पण प्रत्येक पत्राच्या पोटात त्याचा पत्ता तसाच लिहिलेला. पत्र उघडले की वर्ड आधी त्या मेलेल्या सर्व्हरला हाक मारी, उत्तर येत नाही म्हणून थांबे, आणि कंटाळल्यावर पत्र उघडी. पत्रांतला तो जुना पत्ता काढून टाकला आणि काम झाले. खर्च काही नाही. बाईंची बोलणी थांबली. पण तोवर त्यांच्या संगणकावर उतरवलेल्या प्रती आणि सर्व्हरवरच्या प्रती जुळवून घ्यायला मात्र दोन आठवडे लागले.

तेव्हा कारण शोधायचे कसे? हातात घड्याळ आणि कागद घ्या, आणि चार प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न : एकाच संगणकावर उशीर होतो की सगळ्यांवर? एकावरच असेल तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या केबलमध्ये. सगळ्यांवर असेल तर सर्व्हर किंवा मधला स्विच पाहा.

दुसरा प्रश्न : तीच फाईल स्वतःच्या संगणकावर उतरवून उघडली तर? तरीही उशीर होत असेल तर दोष फाईलमध्येच आहे. वर सांगितलेले टेम्प्लेट, किंवा एक्सेलच्या तक्त्याने दुसऱ्या तक्त्याशी जोडलेला जुना दुवा. छपाईयंत्रही तपासा. वर्ड आणि एक्सेल फाईल उघडताना नेहमीच्या प्रिंटरची विचारपूस करतात. तो प्रिंटर नेटवर्कवरचा आणि बंद असला तर तिथेही वाट पाहणे आले. दुसरा प्रिंटर नेहमीचा म्हणून निवडा आणि फरक बघा. ही तपासणी झाली की उतरवलेली प्रत लगेच काढून टाका.

तिसरा प्रश्न : सर्व्हरला नावाऐवजी आकड्यांनी हाक मारली तर? प्रत्येक संगणकाला १९२.१६८.१.१० असा काही आकडी पत्ता असतो. आकड्याने लगेच आणि नावाने उशिरा उघडत असेल, तर नावाचा पत्ता सांगणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, चुकीची लावली आहे. बरेचदा तिथे इंटरनेट कंपनीचा पत्ता घातलेला असतो. तुमच्या कचेरीतल्या 'हिशोब' नावाच्या सर्व्हरची त्या कंपनीला काय माहिती? ती 'ठाऊक नाही' म्हणते, मग आपला संगणक कचेरीभर हाका मारत सुटतो. 'धिस पीसी'मध्ये लाल फुली पडलेले जुने ड्राइव्हही याच जातीचे. ते काढून टाका.

चौथा प्रश्न : मोठी फाईल नुसती इकडून तिकडे उतरवायलाही वेळ लागतो का? लागत असेल तर मात्र वाट पाहण्याचा दोष नाही, रस्ताच खराब आहे. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली की वेग दहावा हिस्सा होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. केबलची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नको. भातगिरणीत तर बाप्पाचे वाहनच ती कुरतडून जाते, त्याला प्रसाद दुसरीकडे ठेवावा! ऐप्पसी-कार्तिकेच्या पावसात वीज कडाडली की स्विचचे एखादे तोंड अर्धमेले होते, तेही बदलून पाहा.

रस्त्याचा आणखी एक छुपा दोष आहे. स्विचच्या एका टोकाला वेग 'आपोआप' ठरवायला सांगितला आणि दुसऱ्या टोकाला कोणी हाताने '१०० पूर्ण दुहेरी' असा पक्का केला, तर आपोआपवाले टोक अर्ध्या दुहेरीवर येते. म्हणजे एकजण बोलता बोलता ऐकतो आणि दुसरा समोरचा गप्प होण्याची वाट पाहतो. थोडे बोलणे निभावते, मोठे काम रखडते. दोन्ही टोके 'आपोआप' ठेवा.

ज्यांची मुख्य कचेरी चेन्नईला आणि शाखा इथे, त्यांचे दुखणे वेगळे. फाईल उघडताना संगणक सर्व्हरला एकामागून एक लहान प्रश्न विचारतो. समजा ३०० प्रश्न झाले. एकाच खोलीत प्रत्येकाला एक मिलिसेकंदही लागत नाही, म्हणून कळत नाही. चेन्नईला जाऊन यायला ४० मिलिसेकंद धरले, तर तीनशे गुणिले चाळीस म्हणजे बारा सेकंद झाले. इथे जास्त वेगाचे कनेक्शन घेऊनही फारसा फायदा नाही, कारण रस्ता रुंद केल्याने गाव जवळ येत नाही. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या नव्या पद्धतीत प्रश्नांची संख्या बरीच कमी झाली. तरीही लांबच्या शाखेने चेन्नईच्याच संगणकावर दुरून बसल्यासारखे काम करावे, हे उत्तम.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. अँटिव्हायरसमुळेही उशीर होतो, कारण तीच फाईल सर्व्हरही तपासतो आणि आपला संगणकही. पण म्हणून तो बंद करून ठेवू नका, जाणकाराकडून नीट लावून घ्या. आणि जुने एक्सपीचे संगणक चालावेत म्हणून फाईल वाटपाची पहिली आवृत्ती सुरू ठेवू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला तो त्याच दारातून. एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली आहे, त्याला निवृत्त करावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उशीर दिवसेंदिवस वाढत असेल आणि सर्व्हरमधून टकटक आवाज येत असेल, तर ती हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असे समजा. खराब जागा ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, म्हणून उशीर. अशा वेळी कारण शोधत बसू नका. आधी सगळ्याची प्रत दुसरीकडे काढा आणि ती उघडते ना ते पाहा, मग बाकीचे.

शेवटी एक विनंती. आपल्या पूर्वजांचे मोडी कागद आजही गठ्ठ्यांनी आहेत, आणि ते वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. कचेरीतल्या नेटवर्कची तीच गत होते. ते लावणारा मुलगा बंगळूरला नोकरीला जातो, आणि कोणती तार कुठे जाते, कोणता पत्ता कोणाचा, हे मागे कोणाला वाचता येत नाही. म्हणून एक साधी वही करा. सर्व्हरचे नाव आणि आकडी पत्ता, प्रत्येक केबलचा क्रमांक, प्रिंटर कोणाला जोडला, काय कधी बदलले, आणि चांगल्या दिवशी फाईल किती सेकंदांत उघडते, एवढे तिच्यात लिहा. परवलीचे शब्द मात्र वेगळे, कुलपात ठेवा. जुना सर्व्हर काढाल तेव्हा त्याचे नाव कुठे कुठे लिहिले आहे ते या वहीत पाहून, सगळीकडून पुसून मगच त्याला निरोप द्या. विसर्जन विधीपूर्वक व्हावे, हे गणेशभक्तांना मी काय सांगणार?

महिन्याभरात आयुधपूजा येईल. त्या दिवशी आपण संगणकालाही गंध-फूल वाहतो. यंदा आदल्या दिवशी त्याची धूळ झाडा, प्रत काढा, आणि पूजेच्या पाटावर ही वहीही ठेवा. आणि फाईल अडली तर समोरच्या कारकुनावर रागावण्याआधी, संगणक कोणाची वाट पाहतो आहे, एवढे विचारून बघा.



गणपती बाप्पा मोरया!