सर, आवाजाचं शिक्षण असतं का?

(वसतिगृहाच्या आधारदात्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहाचा हिशेब सांगतो. किती मुले दहावी झाली, किती मुली नर्सिंगला गेल्या, धान्याला किती खर्च आला. तो कागद या वेळी तुमच्या हातात आहेच. आज मला एकाच मुलीबद्दल बोलायचे आहे. तिचे नाव मी घेत नाही, कारण तिचे अजून काहीच ठरलेले नाही आणि उद्या कोणी तिला त्यावरून चिडवू नये.

ती कोकणा समाजातली, सुरगाण्याकडची. दिवाळीनंतर आईवडील द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि घरी आजी राहते. गेल्या वर्षी ती दहावीला होती. नाताळच्या नाटिकेत तिला पात्र मिळाले नाही, म्हणून तिने वॉर्डनबाईंचा जुना मोबाईल मागून घेतला. पत्र्यावरचा पाऊस, गोठ्यातल्या बैलाची घंटा, आजीचे जाते, लांबून येणारी पावरी असे किती तरी आवाज तिने सुट्टीत टिपून आणले होते. नाटिकेत मरिया आणि योसेफ बेथलेहेमच्या वाटेवर चालू लागले आणि स्पीकरमधून वाळलेल्या पानांवर पडणारी पावले ऐकू आली. मागच्या बाकावरची लहान मुले एकदम गप्प झाली. त्या वर्षीच्या नाटिकेतले संवाद मला आठवत नाहीत, पण ती पावले आठवतात.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "सर, सिनेमात आवाज घालायचं काम असतं का? त्याचं शिक्षण असतं का?"

मी हसलो. म्हणालो, "आधी दहावी पास हो. मग नर्सिंगचं बघू." ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

बंधुभगिनींनो, ते हसू मला नंतर फार टोचले. शिकण्यासाठी आम्ही हजार वेळा सांगतो, "प्रश्न विचारा." आणि तिने विचारला तेव्हा मला उत्तर येत नव्हते, म्हणून मी हसलो. चूक माझी होती. मग मी चौकशीला लागलो. जे कळले ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याही घरात असा प्रश्न उद्या येईल.

पहिली गोष्ट. सिनेमा म्हटले की आपल्याला नट-नटी दिसतात. पण शेवटी पडद्यावर जी नावे सरकत जातात, ती कधी थांबून वाचा. कॅमेरा, प्रकाश, संकलन, कला, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी. चित्रीकरणाच्या वेळी लांब काठीला माइक लावून संवाद टिपणारा माणूस वेगळा असतो. स्टुडिओत पडदा बघत पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज पुन्हा तयार करणारा वेगळा असतो. त्या कामाला फोली म्हणतात. म्हणजे आमच्या मुलीने नाटिकेत जे केले, त्याला नाव आहे, त्याची मजुरी मिळते.

दुसरी गोष्ट. त्याचे सरकारी शिक्षण आहे, आणि तेही आपल्या पुण्यात. प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत 1960 साली केंद्र सरकारने ही संस्था सुरू केली. आज तिला आपण एफटीआयआय म्हणतो. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची अशीच संस्था 1995 पासून आहे. पुण्यात दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, आणि टीव्हीसाठी एक वर्षाचे आहेत. यांना पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा होते. जागा थोड्या असतात, पण अनुसूचित जमातींसाठी राखीव जागा आहेत. ध्वनीच्या अभ्यासक्रमाला बारावीपर्यंत भौतिकशास्त्र मागितले जात आले आहे. म्हणून दहावीनंतर तिने विज्ञान शाखा घेतली. तो निर्णय दहावीलाच घ्यावा लागतो, आणि आम्हाला हे माहीत नसते तर दार तिथेच बंद झाले असते.

तिसरी गोष्ट. ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी केरळच्या एका खेड्यातले. गावात वीज नव्हती, रॉकेलच्या दिव्याखाली ते शिकले. पुण्याच्या याच संस्थेतून बाहेर पडले आणि 2009 साली 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी तो पुरस्कार त्यांना मिळाला. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडे वीज असते सर. फक्त पावसात जाते."

पण हे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. या क्षेत्रात काम मिळते तेव्हा रात्रंदिवस असते आणि नसते तेव्हा महिनोन् महिने नसते. पगाराची नोकरी थोड्यांनाच मिळते. मुलींच्या सुरक्षेचा प्रश्न खरा आहे. आणि फसवणारे पुष्कळ आहेत. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याला शहरातल्या एका खासगी क्लासने 'मालिकेत काम देतो' म्हणून घेतले. बापाने बैल विकून पैसे भरले. फोटो काढले, प्रमाणपत्र दिले आणि पुढे फोन उचलणे बंद केले. तो मुलगा आम्हाला विचारायला आला नव्हता, कारण आम्ही हसू हे त्याला ठाऊक होते. म्हणून मुलांच्या स्वप्नांना हसणे महागात पडते. आपण हसलो तरी मुले जायची ती जातातच, फक्त आपल्याला न विचारता जातात.

मुलीचे वडील बागेवरून आले तेव्हा मी त्यांना सगळे समजावले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, नर्स झाली तर चार वर्षांत घराला हातभार लागेल. तुम्ही म्हणता ते नाही जमलं तर पोरीला कोण बघणार? तुम्ही का तुमची मंडळी?"

या प्रश्नाला माझ्याकडे पाठ केलेले उत्तर नव्हते. तो प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवण्यासाठी आणला आहे.

आपल्यापैकी काहींना वाटेल, मिशनच्या पैशाने सिनेमा? पण मी लहान असताना आमच्या पाड्यावर पांढरा पडदा बांधून 'दयासागर' दाखवला होता. जनरेटरची वायर ओढायला मी सर्वांत पुढे होतो. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्या बाया वधस्तंभापाशी पदर डोळ्यांना लावत होत्या. आणि त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते कशामुळे? मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून. मग विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले, आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या चित्रपटात राणीचे काम करायला बाई मिळाली नाही. पण फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. आपल्या सिनेमाच्या पायाशी अशी एक बाई आहे.

आणखी एक. पडद्यावर आदिवासी आजवर कसा दिसला? पाने गुंडाळून नाचणारा. जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'सारखी आस्थेने केलेली अपवादात्मक कामे आहेत, पण त्यातही ठाकर झालेले मुख्य कलाकार बाहेरचेच होते. रांचीचे बिजू टोप्पो उराँव समाजातले आहेत. मेघनाथ यांच्यासोबत ते 'अखरा' या गटातून माहितीपट करतात. भातलागवडीवरचा 'एक रोपा धान' आणि कारखान्यांच्या प्रदूषणावरचा 'लोहा गरम है' यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आपली गोष्ट आपल्या माणसाने सांगितली की फरक पडतो.

पवित्र शास्त्रात निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल आहे. देवाने त्याला आत्म्याने भरले ते प्रवचनासाठी नव्हे, तर सोने, लाकूड आणि दगड यांच्या कारागिरीसाठी. हातांच्या कौशल्यालाही पाचारण म्हणतात, हे मी धर्मशिक्षणाच्या डिप्लोमात शिकलो होतो. वसतिगृहाच्या ऑफिसात मात्र विसरलो होतो.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे. ती बारावी विज्ञान करील. नंतर नाशिकला बी.एस्सी. करील. नर्सिंगचा फॉर्मही भरला जाईल, दार कुठलेच बंद करायचे नाही. पदवीच्या काळात ती ध्वनिमुद्रण आणि संकलन शिकेल. ते काम लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे, स्थानिक वाहिन्यांकडेही मिळते, म्हणजे पुण्याला प्रवेश नाही मिळाला तरी हात रिकामे राहणार नाहीत. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि वैधता प्रमाणपत्र आतापासूनच काढायला घेतले आहे. शिष्यवृत्ती आणि स्वयं योजनेसाठी तेच लागणार आहे.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. कोणाकडे वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप असेल तर द्या. मंडळीत साउंड सिस्टिम सांभाळणारे भाऊ दर शनिवारी तासभर तिला शिकवायला तयार असतील तर आज मला भेटा. आणि तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. हे पाच-सहा वर्षांचे काम आहे. पुढच्या वर्षी मी तिचा काही निकाल सांगू शकणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही कदाचित नाही. तरी तिच्यासाठी प्रार्थना करत राहा आणि आधार थांबवू नका.

तिच्या वडिलांना मी एवढेच म्हणालो, "दादा, तुमचा प्रश्न मी मंडळीला विचारतो आणि उत्तर घेऊन येतो."

द्राक्षांचा हंगाम संपला की ते पुन्हा येणार आहेत. त्यांना काय सांगू, ते आज तुम्ही मला सांगा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.