पुलाचे नाव आणि पुलाची निगा



आपल्या नदीवरील नव्या पुलाला गावच्या हुतात्मा जवानाचे नाव द्यावे, असा ठराव आज ग्रामसभेपुढे आहे. त्यास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. मात्र त्यात एका कलमाची भर घालावी, अशी विनंती अर्थशास्त्राचा एक अभ्यासक या नात्याने करावीशी वाटते.

असे नामकरण देशात अनेक ठिकाणी झाले आहे. लडाखमध्ये श्योक नदीवरील पुलाला २०१९ मध्ये कर्नल चेवांग रिंचेन यांचे नाव देण्यात आले. हे दोनदा महावीर चक्र मिळवणारे लडाखचेच सुपुत्र. मुंबईत विलेपार्ले येथील उड्डाणपूल कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाने ओळखला जातो. पार्ल्याच्या या तरुण अधिकाऱ्यास १९९५ साली काश्मीरमध्ये वीरमरण आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल वाहतुकीस बंद झाला, तेव्हा पोलिसांनी जाहीर केलेल्या पर्यायी मार्गांत कॅप्टन गोरे उड्डाणपूल होता. कामावर निघालेल्या माणसाच्या तोंडी सैनिकाचे नाव आले, तेही कोणत्याही समारंभाविना. पुतळ्यापाशी मुद्दाम जावे लागते. पूल वाटेतच असतो.

असे नाव ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने उच्चारल्याने ते दुसऱ्यासाठी कमी होत नाही. त्याची झीज होते ती निराळ्या रीतीने. गोरेगावात मृणालताई गोरे यांच्या नावाचाही उड्डाणपूल आहे; नुसते ‘गोरे पूल’ म्हटले, तर नवख्या प्रवाशाने काय समजावे? म्हणून हुद्द्यासह पूर्ण नाव पुलाच्या फलकाप्रमाणेच एस.टी.च्या थांब्यावरही लिहावे. ते कसे लिहावे, हे प्रथम त्याच्या आईला विचारावे.

आता त्या गोखले पुलाविषयी. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा पादचारी भाग रेल्वेरुळांवर कोसळला. अंदाजपत्रकावरील भाषणांतून परकीय सरकारला हिशेब विचारणाऱ्या नामदार गोखल्यांचे नाव अपघाताच्या बातमीत आले! महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या पुलाला एखाद्या जवानाचे नाव असते, तर त्याच्या घरी ती बातमी कशी वाचली गेली असती?

पूल बांधण्याचा खर्च भांडवली असतो. त्यासाठी निधी मिळतो, कोनशिला बसते, फीत कापली जाते. देखभालीच्या खर्चाला फीत नसते, म्हणून निधीची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. नावाचा खर्च तर एका फलकापुरता. इतक्या स्वस्तात कृतज्ञता व्यक्त करता येते, हीच त्यातील अडचण आहे.

तेव्हा माझे कलम असे: पुलाचा पाया, सांधे, कठडे व पाण्याचा निचरा यांची पाहणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर व्हावी, अशी मागणी ग्रामसभेने सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लेखी करावी. तो अहवाल जवानाच्या स्मृतिदिनी, पुष्पहार अर्पण करण्यापूर्वी, पुलावरच मोठ्याने वाचला जावा. अहवाल आला नसेल, तर तसे त्याच जागी सांगावे. स्मृतिदिन ऑक्टोबरअखेरीस येतो. तोवर पूर ओसरलेला असतो आणि खांबांचे पाय उघडे दिसतात.